दुसरा एक्स-रे काढावा लागू नये म्हणून

महोदय,

पावसात पाखाड्या शेवाळल्या की मनगट, घोटा, खुबा दुखावलेल्यांची एक्स-रेच्या दारात रीघ लागते. वाडीवरून तालुक्याला यायचे म्हणजे बहुतेकांचा दिवस मोडतो. एवढे करून काढलेला फोटो वाया जाऊ नये, म्हणून हे पत्र.

किरण सोडले जातात ते क्षणभरच. ते जाणवत नाहीत, अंगात उरत नाहीत. वेळ लागतो तो दुखरा भाग नेमक्या कोनात ठेवायला. हाडाचे कमीत कमी दोन फोटो काढतात, समोरून आणि बाजूने. बिल वाढवायला दुसरा काढतात, असा काहींचा समज आहे. पण समोरून सरळ दिसणारे हाड बाजूने पाहिले तर सरकलेले निघू शकते, तेव्हा ‘एकच काढा’ असा हट्ट नको. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड असते. त्याची चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसतच नाही. फोटो नॉर्मल, पण अंगठ्यामागच्या खोबणीत दाबले की दुखते, अशा वेळी डॉक्टर हात प्लास्टरमध्ये ठेवून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. तो चुकवू नका. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असतो. चीर जुळली नाही तर मनगट कायमचे दुखते.

छातीचा फोटो बिघडतो तो श्वासामुळे. अर्धवट श्वासात फुप्फुसांचा तळ दाटलेला आणि हृदय मोठे दिसते. ‘श्वास घ्या, रोखा’ म्हटले की छाती पूर्ण भरा आणि हलू नका. खांदे पुढे करायला सांगतात ते पाठीची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकावीत म्हणून. मंगळसूत्र, साखळी, ताईत, हूक काढायचे हे सगळ्यांना ठाऊक असते. वेणी मात्र राहून जाते. ती डोक्यावर बांधा. घट्ट, ओल्या वेणीची सावली फुप्फुसाच्या वरच्या टोकावर पडते, आणि क्षयाचे डाग मुख्यतः तिथेच शोधायचे असतात.

आपल्याकडचा नेहमीचा प्रकार म्हणजे घशात अडकलेला काटा. बांगड्याचा काटा एक्स-रेत सहसा दिसत नाही. फोटो स्वच्छ आला तरी टोचणे थांबले नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्या. भाताचे गोळे गिळू नका. काटा आणखी खोल रुततो.

पाळी चुकली असेल तर ते आत जाण्याआधीच सांगा, लाजू नका. छातीच्या एका फोटोचे किरण फार तर 0.1 मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून साधारण पंधरवड्यात मिळतात तेवढे. पोटाच्या सीटी स्कॅनचे त्याच्या कित्येक पट. लहान मूल धरायला कोणी आत थांबणार असेल, तर त्याने शिशाचा एप्रन मागून घ्यावा. गरोदर बाईने मात्र थांबूच नये.

जुनी फिल्म सोबत आणा. डाग नवा की जुना हे तिच्यावरूनच कळते. हल्लीच्या बऱ्याच फिल्म उष्णतेवर छापलेल्या असतात, त्या चुलीजवळ किंवा उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवल्या की काळवंडतात. कोरड्या कपाटात, घडी न घालता ठेवा.

यातल्या निदान वेणी, श्वास आणि पाळी या तीन सूचना प्रत्येक एक्स-रे केंद्राने नाव नोंदवायच्या खिडकीशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत लावाव्यात, ही विनंती.

— क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ, रत्नागिरी जिल्हा