कमळाच्या देठातले सूत

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दिवाळी जवळ आली की कमळाविषयीचे लेख येऊ लागतात आणि बहुतेकांचा सूर ठरलेला असतो : फूल चिखलात उगवते, पण चिखल त्याला लागत नाही. हा अर्थ चुकीचा नाही. मात्र भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायातील दहाव्या श्लोकात निर्लेपतेसाठी उपमा दिली आहे ती 'पद्मपत्रा'ची, म्हणजे पानाची, आणि तेथे चिखल नाही, पाणी आहे. विष्णूच्या हातातले पद्म, लक्ष्मीचे कमलासन, ब्रह्मदेव ज्यातून जन्मला ते विष्णूचे नाभिकमळ हे सर्वांना ठाऊकच आहे. आपल्या जिल्ह्यातील पंढरीचा विठ्ठल मात्र एका हाती शंख आणि दुसऱ्या हाती कमळाचा देठ धरून उभा आहे, आणि मला लिहायचे आहे ते त्या देठाविषयीच.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मधला मारुती परिसरातून आणलेल्या कमळाचा (बाजारात पुष्कळदा कमळ म्हणून कुमुदिनीच हाती ठेवतात, हे खरे कमळ होते) लांब देठ कलशाजवळ मावेना, म्हणून मी तो मोडला. त्याचे दोन तुकडे झाले खरे, पण ते सुटे होईनात; मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे, बारीक तंतू ताणले गेले आणि तुकडे बरेच दूर नेले तरी त्यांतले काही तुटले नाहीत. संस्कृतात यांना बिसतंतू म्हणतात. ललितासहस्रनामात देवीला या तंतूसारखी सूक्ष्म म्हटले आहे. म्यानमारमधील इन्ले सरोवराच्या परिसरात आजही हे तंतू पिळून सूत करतात आणि त्याचे कापड विणतात.

ते पाहताना आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकरांची आख्यायिका आठवली. मार्कंडेय ऋषींचे पुत्र भावनाऋषी यांनी विष्णूच्या नाभिकमळाच्या तंतूंपासून देवांसाठी वस्त्र विणले, असे हा समाज मानतो. त्यांच्या नावातच पद्म आहे. तेलंगणातून आलेल्या या विणकरांच्या चादरींनी जे शहर ओळखले जाते, तेथे तरी कमळाचा अर्थ निव्वळ अलिप्तपणापाशी थांबू नये, असे मला वाटते. मागावर एक धागा तुटला तरी विणकराला थांबून तो सांधावा लागतो.

नारळी पौर्णिमेला निघणाऱ्या मार्कंडेय रथोत्सवाची छायाचित्रे आपण आवर्जून छापता. पुढील वर्षी त्यांच्याखाली या सुताविषयी दोन ओळी याव्यात, एवढीच विनंती.

आपला नियमित वाचक,
सोलापूर