खरेदीखत म्हणजे खरेदी नव्हे, हे रानड्यांच्या काळातही माहीत होतं

प्रति,
मा. सहकार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
स.न.वि.वि.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना जाऊन यंदाच्या १६ जानेवारीला सव्वाशे वर्षं झाली. न्यायाधीशाच्या आठवणीचं पत्र विधी व न्याय खात्याला लिहायचं सोडून सहकार खात्याला कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. सांगतो.

मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. साहेब हुकूमनाम्यावर सही करून मोकळे होतात. तो कागद घेऊन दारात उभा राहतो तो बेलिफ. कुणाची म्हैस, कुणाची मोटार, कुणाचं राहतं घर. त्यामुळे कुठल्या साहेबांनी प्रकरण मुळापासून पाहिलंय आणि कुणी नुसता अंगठा बघून निकाल दिलाय, हे आम्हाला घरात पाऊल टाकल्याबरोबर कळायचं. म्हणून रानड्यांच्या चरित्रात मला हायकोर्टापेक्षा त्याच्या आधीचा काळ जास्त जवळचा वाटतो.

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. रोख्यावर जो आकडा लिहिलाय तोच खरा, असं कोर्टाने धरायचं नाही. पहिली रक्कम किती घेतली होती तिथपासून हिशेब मागायचा, मुद्दल वेगळं काढायचं, व्याज वेगळं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं नाही. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत खालची कोर्टं हे नीट करतात की नाही, हे पाहण्याच्या कामावर रानडे १८८१ पासून अधूनमधून होते. १८८७ मध्ये त्याच खात्याचे विशेष न्यायाधीश झाले. हे काम फिरतीचं. तालुक्यामागून तालुका, मुक्कामामागून मुक्काम, आणि दप्तरं उलगडून पाहायची. डोळे अधू, त्यामुळे पुष्कळसं दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. त्यांच्या पत्नी रमाबाई या दौऱ्यांत बरोबर असत, त्यांनी हे सारं लिहून ठेवलंय. मोळी डोक्यावर चढवायला म्हातारीला हात देणारे रानडे आम्हाला शाळेत गोष्टीतून भेटले. गोष्ट खरी असो नसो, दप्तरं खरी होती.

माणूस सगळ्यांनाच हवासा होता असं नाही; १८९५ मध्ये समाजसुधारकांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवण्यावरून पुण्यात रणधुमाळी माजली, तेव्हा त्यांनी हट्ट न धरता मंडप सोडून दिला. आणि ज्या टिळकांशी त्यांचं जन्मभर वाजलं, त्यांनीच ते गेल्यावर केसरीत लिहिलं की महाराष्ट्र थंड गोळा होऊन पडला होता, त्यात ऊब आणली ती याच माणसाने. विरोधकाकडून असा मृत्युलेख फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

आता आपल्या खात्याचं. १८७९ च्या त्या कायद्याने सावकारी संपली नाही. सावकार हुशार, गहाणखत सोडून त्यांनी खरेदीखतं लिहून घ्यायला सुरुवात केली. विक्रीचा कागद, आत कर्ज. ती युक्ती अजून चालू आहे, म्हणून तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात अशी जमीन परत देवविण्याचा अधिकार आपल्या खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना दिला आहे. म्हणजे रानड्यांची खुर्ची आज आपल्या खात्यात आहे.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका बाईंचं प्रकरण अशाच एका खुर्चीपुढे आहे. नवऱ्याच्या आजारपणात पैसे घेतले, बदल्यात खरेदीखत करून दिलं. पैसे फेडले, सातबारा सावकाराच्याच नावावर. तारखेला पहाटेची एसटी धरायची, एक दिवसाची मजुरी बुडवायची, आणि तिथे गेल्यावर ऐकायचं की साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत, आहेत, पुढची तारीख घ्या. सावकार मात्र वकील पाठवतो. दोनदा मी बाईंबरोबर गेलो. साहेब वाईट माणूस नाही. पण टेबलावर फक्त नोंदवलेला दस्त आहे, आणि पैसे कुणासमोर मोजून दिले हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं गावच्या पारावर बसलेली आहेत. ती माणसं तालुक्याला जायला राजी होत नाहीत, जिल्ह्याला तर नाहीच.

म्हणून रानड्यांच्या नावाने पुतळा, पुरस्कार, व्याख्यानमाला यांतलं काही मागत नाही. सावकारीच्या तक्रारींची एक तरी सुनावणी तक्रारदाराच्या गावात, चावडीत किंवा ग्रामपंचायतीत घ्या, असं परिपत्रक काढा. बाकी कुठे नाही तर त्या जुन्या चार जिल्ह्यांत तरी. सतरंजी गाव घालील, चहाही पाजील.

शिपाई कमी आहेत ही अडचण नेहमीचीच. आमच्या पंचक्रोशीतली तारीख ठरली तर मला कळवावं. नोटिसा अधिकाराने मला बजावता यायच्या नाहीत आता, पण दारोदार निरोप देईन. घरं मला पाठ आहेत, आणि भत्ता नको.

आपला,
एक निवृत्त बेलिफ