अण्णा, इथलं पाणी कुठं जातं ते सांगते

तिबिलिसी, जॉर्जिया
ऑक्टोबर, दिवाळीच्या आधीचा रविवार

ती. अण्णा आणि ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आज्जीला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत बसते, म्हणून हे पत्र. पिंट्यानं तिला सावकाश वाचून दाखवावं. कंटाळा आला म्हणून मधल्या ओळी गाळू नयेत, मी विचारणार आहे.

काल आम्ही काकेशसच्या डोंगरात जाऊन आलो. परभणीची एक, नांदेडच्या दोघी, बीडचा एक पोरगा आणि मी. इथं छोट्या व्हॅनला मार्शुत्का म्हणतात. डिदुबे नावाच्या स्टँडवरून सुटतात आणि माणसं भरल्याशिवाय हलत नाहीत, म्हणजे औराद-निलंगा काळी-पिवळीचाच कायदा. आम्हाला वाटेत थांबायचं होतं म्हणून अख्खी गाडी ठरवली. ड्रायव्हर साठीच्या पुढचे काका. चर्च दिसलं की स्टिअरिंगवरचा हात काढून छातीवर तीनदा क्रूस काढायचे, आणि या रस्त्याला चर्च काही कमी नाहीत. आई, तू असतीस तर दिवसभर डोळे मिटून तुळजाभवानीचं नाव घेत बसली असतीस.

रस्त्याला जॉर्जियन मिलिटरी रोड म्हणतात. तिबिलिसीहून उत्तरेला थेट रशियाच्या हद्दीपर्यंत जातो. आम्ही स्टेपान्त्समिंदा गावापर्यंत गेलो, ते साधारण दीडशे किलोमीटर. बाकीचे फोटो काढत होते आणि मी, अण्णा, तुमच्यासारखी प्रत्येक पुलावर विचारत होते, हे पाणी कुठं जातं? बीडचा पोरगा शेवटी वैतागून म्हणाला, “पाटबंधारे खात्यात जायचं होतं की मग तू.”

पहिला थांबा म्त्सखेता, जुनी राजधानी. डोंगरावर सहाव्या-सातव्या शतकातलं दगडी चर्च आहे, तिथून खाली संगम दिसतो. तुर्कस्तानातून येणारी कुरा गढूळ आणि डोंगरातून उतरलेली अरागवी निळसर. मला आधी आठवला तो आपला तेरणा-मांजरेचा संगम. इथं पाणी रुंद आणि संथ दिसतं, कारण खाली 1927 सालचं वीजधरण आहे, त्याचा फुगवटा मागंपर्यंत येतो. फुगवटा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मांजरा भरून वाहायला लागली की तेरणेला पुढं जागा मिळत नाही, मग ती मागं सरून शेतात घुसते. सप्टेंबरात तुम्ही बांधावरून व्हिडिओ पाठवला होता, त्यात सोयाबीनचे नुसते शेंडे दिसत होते. वरून बघणाऱ्याला संगम छानच दिसतो म्हणा.

पुढं झिनवालीचं धरण. तिबिलिसीला पिण्याचं पाणी इथून जातं आणि वीजही होते. काठावर अनानुरीचा किल्ला आहे, बुरूज आणि आत चर्च, तटाखाली हिरवं पाणी. तुम्हाला नळदुर्गचा पाणीमहाल आवडतो, हाही आवडला असता. नळदुर्गला मात्र राजानं स्वतः नदी किल्ल्यात घेतली. इथं किल्ला आधी डोंगरावर कोरडा होता, पाणी त्याच्या पायाशी आलं 1980 च्या दशकात, आणि तळाला जुनी वस्ती गेली. पाणी उतरलं की एका जुन्या चर्चचे अवशेष वर येतात असं काकांनी सांगितलं. पैठणच्या धरणात गेलेल्या गावांचं तुम्ही सांगायचात ते आठवलं.

पासानाउरीला जेवलो. तिथं पांढरी अरागवी आणि काळी अरागवी एकमेकींना मिळतात आणि बरंच अंतर दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी चालतं. जेवणात राजमा भरलेली भाकरीसारखी लोबियानी घेतली. सपक. आईची शेंगदाण्याची चटणी पर्समध्ये होतीच, ती निघाली आणि नांदेडच्या दोघींनी निम्मा डबा संपवला. पुढच्या वेळी जास्त पाठवा.

मग चढ लागला. बर्फात घसरायचं गुदाउरी गेलं, रशिया-जॉर्जियाच्या मैत्रीला 200 वर्षं झाली म्हणून 1983 साली बांधलेलं रंगीत चित्रांचं गोल स्मारकही गेलं. 2008 साली याच दोन देशांत लढाई झाली, त्यामुळं तिथली मैत्री आता भिंतीवरच आहे. खरी गर्दी ट्रकांची. आर्मेनियाचा माल रशियाला याच रस्त्यानं जातो, त्यामुळं गळीत हंगामात कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्या लागाव्यात तशी रांग. मधेच मेंढरांचा कळप आडवा आला. थंडीच्या आधी मेंढपाळ त्यांना खाली उतरवतात. ट्रकवाले, काका, आम्ही, सगळे गप उभे. मेंढरांना कोणी हॉर्न मारला नाही.

जवारी खिंड 2379 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646, म्हणजे गाडीत बसून कळसूबाईच्या कितीतरी वर. खिंडीजवळ एका उतारावर अख्खा कडा नारिंगी झालाय. जमिनीतून वायू मिसळलेलं पाणी येतं, त्यात चुना आणि लोह विरघळलेलं असतं. बाहेर आलं की वायू उडून जातो, चुना थरावर थर बसतो आणि लोहाचा गंज त्याला रंग देतो. थोडं पाणी चाखलं. सोडा आणि खिळा एकदम तोंडात.

अण्णा, तुमच्यासाठी खरी गोष्ट इथंच आहे. खिंडीच्या अलीकडं पडलेला पाऊस अरागवीतून कुरेत जातो आणि अझरबैजानमधून कॅस्पियन समुद्राला मिळतो. पलीकडचा तेरेक नदीत उतरतो, रशियात शिरतो, आणि तोही कॅस्पियनलाच जातो. तुळजापूरला जाताना तुम्ही बालाघाटावर गाडी थांबवून दाखवलं होतं, या अंगाचं पाणी तेरणा-मांजरेतून गोदावरीला, त्या अंगाचं बोरी-सीनेतून भीमेला आणि कृष्णेला, आणि दोन्ही शेवटी बंगालच्या उपसागरात. मी तेव्हा उसाचा रस कधी मिळतो याची वाट बघत होते, पण ऐकत होते. कृष्णा खोऱ्यातलं आपल्या वाट्याचं पाणी मराठवाड्यात यायचं म्हणून आपण किती सभा ऐकल्या हेही तिथं उभं राहून आठवलं. समुद्र एक असला म्हणून वाटा कुणी सोडत नाही.

आज्जी, आता तुझ्यासाठी. स्टेपान्त्समिंदाच्या वर काझबेग नावाचा पाच हजार मीटरहून उंच बर्फाचा डोंगर आहे. अमिरानी नावाचा वीर देवाला आव्हान द्यायला गेला, म्हणून देवानं त्याला या डोंगरात साखळदंडानं बांधून टाकलं, अशी इथली कथा आहे. त्याच्यासमोरच्या टेकडीवर चौदाव्या शतकातलं गेरगेतीचं चर्च आहे. आत जाताना बायकांनी डोकं झाकायचं, दारात ओढण्या ठेवलेल्या असतात. मी माझाच पदर घेतला आणि तुझ्या नावानं मेणबत्ती लावली. देव वेगळा असला तरी तू रागावणार नाहीस हे माहीत आहे.

एक गोष्ट मात्र काही केल्या अंगवळणी पडत नाही. तिबिलिसीत फुटपाथवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, ते अखंड वाहतात. बंद करायला चावीच नाही. रात्री परत आल्यावर अशाच एका नळावर हात धुतले आणि हात आपोआप चावी शोधायला लागला. परभणीचीसुद्धा तशीच चाचपडत होती. इथल्या पोरी हसल्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी मामाकडं शाळेत होते, आणि मामी भांडी धुतलेलं पाणी झाडांना, झाडांचं उरलेलं फरशीला वापरायची. आता त्यांना काय सांगणार? मी म्हटलं, आमच्याकडं वाहता नळ दिसला की आधी बंद करतात, मग तोंड धुतात.

पंचनाम्याचं काय झालं ते कळवा. तलाठी आले होते का, आणि खात्याला आधार जोडलेलं आहे ना, तेवढं पिंट्याकडून तपासून घ्या. माझ्या फीच्या पुढच्या हप्त्याची घाई करू नका, फेब्रुवारीपर्यंत मुदत आहे. राहिलेलं सोयाबीन ओलं असेल तर लगेच विकू नका.

तुमची,
सोनी