‘संडासचा रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे जंत नाहीत असं नव्हे

महोदय,

शाळांमधून जंतनाशक गोळ्या वाटल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मोहीम चांगलीच आहे, माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या बातमीत एका जंताचा उल्लेखच नव्हता. मी बार्शीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २६ वर्षं टेक्निशियन आहे आणि हाच जंत मला वारंवार भेटतो, बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी. नाव पिनवर्म. सुतासारखा, पांढरा, मादी जेमतेम सेंटिमीटरभर.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याची पाच वर्षांची मुलगी पुन्हा गादी ओली करू लागली. आधीची दोन वर्षं तिचं अंथरूण कोरडं होतं. लघवीला आग, चिडचिड, रात्री झोप नाही. तीन महिन्यांत तीनदा अँटिबायोटिक झालं, कल्चर झालं, सोनोग्राफी झाली. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. बापानं शाळेच्या संडासाला बोल लावला. कुणीतरी जंताची शंका काढली म्हणून शीसुद्धा तपासून घेतली, ती ‘नॉर्मल’. मग तो विषय मिटलाच.

तिसऱ्या खेपेला तिच्या लघवीची बाटली माझ्या टेबलावर आली. मशीनवर फिरवली, तळाचा गाळ काचेवर घेतला. पू पेशी होत्याच, पण चाळीसच्या भिंगाखाली एक अंडं दिसलं. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर, आत गुंडाळून बसलेली अळी. एकदा पाहिलेलं माणूस ते विसरत नाही. मी भाचेसुनेला फोन केला, म्हटलं, पोरगी झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी घेऊन तिची शीची जागा बघ. रात्री साडेअकराला तिचा फोन. “मावशी, दोरा हाय, अन् हलतोय!”

मूल गाढ झोपलं की मादी गुदद्वाराबाहेर येते आणि भोवतीच्या कातडीवर अंडी चिकटवते, एकेक मादी दहा हजारांच्या घरात. अंडी बाहेर घातली जातात म्हणून शीच्या तपासणीत ती क्वचितच सापडतात. मुलींमध्ये कधीकधी ही मादी वाट चुकून पुढच्या बाजूला शिरते. मग तिथं लाली, खाज, पांढरं जाणं सुरू होतं. सोबत आतड्यातले जंतूही येतात आणि लघवीला संसर्ग होतो. अँटिबायोटिकनं जंतू मरतात, त्यांना ओढून आणणारी मादी तशीच राहते.

दुसरं भलतं ठिकाण म्हणजे अपेंडिक्स. कधीतरी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम हाक मारतात, “या, बघा.” शाळकरी पोराचं काढलेलं अपेंडिक्स, पोकळीत आडवा कापला गेलेला जंत, त्याच्या दोन कडांना दोन बारीक काटे. भोवतीच्या भिंतीत पुष्कळदा सूज नावालाही नसते. पोट मात्र त्या पोराचं खरंच दुखत होतं. हा जंत अपेंडिक्स सुजवतो की नुसती कळ आणतो, यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. घरच्यांनी मात्र तो रिपोर्ट फाइलीत न ठेवता डॉक्टरांना नेऊन दाखवावा. अपेंडिक्स गेलं तरी बाकीचे जंत आतड्यातच असतात, त्यांना गोळी लागतेच.

शंका असेल तर तपासणी साधी आहे. सकाळी उठल्या उठल्या, शी-अंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू त्या जागेवर दाबायची आणि ती पट्टी काचेवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. ओळीनं तीन सकाळी केलं तर उत्तम. काच लॅबमध्ये मागितली की मिळते. लोक काउंटरवर हळू आवाजात विचारतात, जणू चोरी केलीय. बंगल्यातल्या पोरांनाही हे जंत होतात हो. आणि गोड खाल्ल्यानं होत नाहीत. अंडी नखांतून, चादरीतून पोटात जातात.

आता गोळीबद्दल. शाळेतली अल्बेंडाझोलची मोहीम मुख्यतः मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे; ती साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असते. सुतासारख्या जंताला हीच गोळी चालते, पण ती अंडी मारत नाही. त्यामुळे दोन आठवड्यांनी दुसरी गोळी लागते, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी. भाच्याच्या घरी आठ माणसं. धाकटी सून तिसऱ्या महिन्यात होती, तिला डॉक्टरांनी थांबवलं. बाकी सातजणांनी घेतली, आजोबांनी कुरकुरत. चादरी, चड्ड्या गरम पाण्यात गेल्या, सगळ्यांची नखं कापली. महिनाभरात पोरीची गादी कोरडी झाली.

ऑगस्टमध्ये पुन्हा मोहिमेची बातमी छापाल, तेव्हा सेलोटेप आणि दुसरी गोळी या दोन गोष्टींसाठी दोन ओळी काढाव्यात, एवढी विनंती. गुळाचा डबा भाचेसुनेनं त्या तीन महिन्यांत माळ्यावर टाकला होता. तो परत खाली आणायला मात्र मलाच जावं लागलं.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, बार्शी