चीन काही करत नाही

सातारा, रविवार

प्रिय दिग्या,

फोन करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. साखर आटोक्यात, गुडघा आहे तसाच.

नंद्याचा धाकटा रजेवर आला होता. कॅप्टन झालाय, लडाखला असतो. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता कुणीतरी म्हणालं, "चीन आता काही करत नाही." सगळ्यांच्या माना डोलल्या. २०२० साली गलवानला २० जवान गेले, तरी हे वाक्य जिवंत! पोरगा गप्प. मला रात्रभर झोप नाही, आणि का ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

बासष्टच्या चीन युद्धावरून पोवई नाक्यावर आपण किती भांडलोय! तुझं पालुपद ठरलेलं: तेव्हाचे संरक्षणमंत्री मेनन. मेनन कम्युनिस्ट, मेनन गर्विष्ठ, विषय संपला. माझं म्हणणं आजही तेच, एका माणसाच्या डोक्यावर खापर फोडून तू मोकळा होतोस. बातमी नव्हती असं थोडंच आहे? आपल्या कोल्हापूरकडच्या, पूर्व कमांडच्या जनरल थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये टिपण पाठवलं, मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' सराव घेऊन चीन नेफात (आताच्या अरुणाचलात) उतरला तर काय होईल ते मांडून दाखवलं. मेनननी त्यांनाच बागुलबुवा उभा करणारा ठरवलं. (घे, एवढा मुद्दा तुझा.)

पण इंटेलिजन्स ब्युरोचे प्रमुख मलिक घे. सप्टेंबर १९६१ मध्ये त्यांनी काय कळवलं? आपण जिथे नाही तिथे चिनी स्वतःच्या दाव्याच्या रेषेपर्यंत येऊ बघणार. जिथे आपली डझनभर माणसं आहेत तिथे मात्र ते लांब राहिलेत. दिल्लीने दुसरा अर्धा भाग उचलला आणि २ नोव्हेंबरच्या बैठकीत पुढे चौक्या टाकायचं ठरलं. चौक्यांच्या पाठीशी मोठे तळ उभे करायचे हेही त्या निर्णयात होतं. सेना मुख्यालयातून खाली हुकूम गेला त्यात ते गळलं! चुकून असेलही, पण गळलं तेही नेमकं अवघड तेवढंच.

मग जुलै १९६२. गलवानची गुरख्यांची चौकी चिन्यांनी वेढली, पण गोळी झाडली नाही. दिल्लीने म्हटलं, बघा, नुसती गुरगुर आहे. स्थळ एकदा पसंत पडलं की पत्रिका जुळतेच रे. गुण कमी पडले तर भटजी शांत सुचवतात. ऑगस्टमध्ये पश्चिम कमांडच्या दौलत सिंगांनी धोक्याचं लिहिलं, ते पडून राहिलं. नेफातल्या थागला डोंगरकड्यावरून चिन्यांना हटवणं झेपणार नाही म्हणणाऱ्या जनरल उमराव सिंगांकडून ती आघाडी काढून जनरल कौलना दिली. १० ऑक्टोबरला कौलनी चिन्यांचा जोर डोळ्यांनी पाहिला, तरी १२ तारखेला पंडितजींनी (नेहरूंनी) विमानतळावर पत्रकारांना सांगितलं, आपला मुलूख मोकळा करायला फौजेला सांगितलंय. २० ला हल्ला झाला आणि गलवानची चौकीही त्याच दिवशी गेली.

आणि तुझी लाडकी विरोधी बाकं? 'हाकलून द्या' म्हणून लोकसभा तीच दणाणून सोडत होती ना? घरात एकालाही 'नाही' ऐकायचं नसेल, तर बिचारा मलिक काय वेगळं वाचून दाखवणार! बिचारा म्हटलेलं तुला आवडणार नाही. नको आवडू दे. पुढे यशवंतराव संरक्षणमंत्री झाले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण शाळेत घसा बसेपर्यंत ओरडलो, पण कोल्हापूरचा माणूस अडीच-तीन वर्षं आधी सांगून बसला होता, हे कुठल्या गुरुजींनी सांगितलं?

माझी काळजी साधी आहे. नंद्याचा पोरगा दुर्बिणीतून जे बघतो ते वर जाताना किती टेबलांवर थांबतं, आणि त्या त्या टेबलावरच्या साहेबाला काय ऐकायला आवडतं? त्याला मी विचारलं, तर म्हणाला, "काका, शिरा घ्या." नंद्याला यातलं काही बोलू नकोस, त्याचं बीपी तुला माहीत आहे.

तुझ्या नव्या फ्लॅटचं पाणी आलं का? ऋचाचं कुठवर आलं? वहिनींना नमस्कार. दिवाळीत ये. मेननवर अर्धा तास देईन, त्यापुढे एक मिनिट नाही.

तुझा,
बाळ्या