नुसतं कॅल्शियम कॅल्शियम काय करता, हाड खाणाऱ्या पेशीबद्दलही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीतला हाडांवरचा लेख वाचला. दूध, नाचणी, तारली, सकाळचं ऊन, सगळं बरोबर, पण ही अर्धीच गोष्ट झाली. आमच्या गुहागरात पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, कोणी ना कोणी आजी घसरते, मनगट नाहीतर खुबा मोडतो आणि सगळे एकच म्हणतात, कॅल्शियम कमी पडलं. अहो, नुसतं कमी पडत नाही, आतून काढूनही नेलं जातंय! ते नेणाऱ्या पेशीचं नाव ऑस्टिओक्लास्ट, आणि ते तुमच्या अख्ख्या पानात एकदाही नाही.

ही पेशी येते रक्तपेशींच्या खानदानातून. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी ज्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींपासून होतात त्यांच्यापासूनच ही पण होते. त्यासाठी दोन निरोप लागतात, एम-सीएसएफने त्या पेशी जगतात-वाढतात आणि रँक-एलने त्यांना हाड खायच्या कामाला लावलं जातं, आणि गंमत म्हणजे हा रँक-एल बनवतात हाडातल्याच पेशी, म्हणजे तोडणाऱ्याला आवतण घरातूनच जातं. मग अशा बऱ्याच पेशी एकमेकीत मिसळून एकच मोठी पेशी होते, आत पाच-दहा-वीस केंद्रकं, मायक्रोस्कोपखाली लगेच ओळखू येते.

पुढचं काम तर बघण्यासारखं. कालवं खडकाला घट्ट बसतात तशी ही हाडाला कडेने चिकटते, मधे बंद जागा तयार होते. त्या बाजूचं तिचं आवरण चुण्याचुण्यांचं होतं आणि तिथून ती आम्ल सोडते, पीएच साधारण 4.5 पर्यंत खाली येतो. खनिज विरघळलं की कॅथेप्सिन-के नावाचं एन्झाइम उरलेलं कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, कापतं, तो चुरा पेशी स्वतःच आत ओढते आणि पाठीमागून बाहेर टाकते. खाली राहतो खड्डा. खणायला दोन-तीन आठवडे, आणि हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींना तो भरायला तीन-चार महिने! म्हणजे खड्डे जरा जास्त पडायला लागले की भरणारे मागे पडणारच.

म्हणून ही पेशी वाईट असं मात्र कोणी समजू नका. ती नीट काम करत नसेल तर ऑस्टिओपेट्रोसिस होतो, हाड दिसायला घट्ट पण ठिसूळ, आणि आत रक्तपेशी बनवणाऱ्या मज्जेला जागाच उरत नाही.

शरीरात तिला ब्रेकही आहे, 1997 मध्ये सापडलेलं ऑस्टिओप्रोटेजेरिन, ते रँक-एलला मधेच पकडून ठेवतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, मग रँक-एलचा जोर वाढतो, या पेशी जास्त बनतात आणि जगतातही जास्त दिवस. तिथे रोज पेलाभर दूध प्यायलं तरी हा जोर काही थांबत नाही (दूध बंद करा म्हणत नाहीये मी, प्या).

आता माझा खरा मुद्दा. हाडं ठिसूळ झाली की देतात ते डेनोसुमॅब या औषधाचं, दर सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन याच रँक-एलला पकडतं. आमच्याकडे होतं काय की बायका एक-दोन घेतात, मग पाऊस, मग गणपती, मग मुंबईहून मुलगा येईल तेव्हा जाऊ, आणि राहून जातं. 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गार्व्हन इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी जिवंत उंदरांच्या हाडात बघितलं की ऑस्टिओक्लास्ट फुटून छोट्या पेशी होतात आणि त्या परत जुळून कामाला लागू शकतात, रँक-एल अडवलेला असताना त्या साठून राहतात. औषध सोडल्यावर हाड भराभर का खाल्लं जातं त्याचं हे एक कारण असू शकतं, आणि माणसांमध्ये असं अचानक सोडल्यावर पाठीचे मणके, कधी कधी एकापेक्षा जास्त, दबून मोडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलेलंच आहे.

तेव्हा पुढच्या पुरवणीत नाचणीच्या लाडवांची रेसिपी थोडी छोटी करा, आणि इंजेक्शनची तारीख चुकवू नका, बंद करायचं तर आधी डॉक्टरांना विचारून पुढचं औषध ठरवा, एवढं तरी ठळक अक्षरात चौकटीत छापा. जमलं तर ऑस्टिओक्लास्टचं एक चित्रही टाका, शाळेतली पोरं कापून वहीत चिकटवतील.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, गुहागर