नाव नसलेल्या चतुरांचे काय?

मा. संपादक,

सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या रोज वाचतो. घाट, रस्ते, पूल यांचे आकडे असतात; काठावरचे लव्हाळे कुणाच्या हिशेबात नाही. पावसाळा ओसरल्यावर नाशिकच्या आनंदवलीजवळ गोदावरीकाठी पाणकणसाच्या पात्याला चतुराची (ड्रॅगनफ्लाय या कीटकाची) कात चिकटलेली दिसली. पाठीवर उभी चीर आणि तिच्यातून लोंबणारे पांढरे धागे; ते म्हणजे श्वासनलिकांचे अस्तर. पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढलेले पिल्लू पहाटे वर चढले, कात टाकली आणि उडून गेले. पंधरा दिवसांत तो पट्टा ‘साफसफाई’त खरवडला गेला.

तो चतुर कोणत्या जातीचा, हे मला सांगता आले नाही (आणि म्हणे तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले!). नुसता फोटो नेहमी पुरत नाही. कित्येक जाती नराच्या शेपटीच्या टोकावरचे आकड्यांसारखे अवयव भिंगाखाली पाहिल्यावरच वेगळ्या ओळखू येतात. नवी जात मान्य व्हायची तर नमुना जपून ठेवून तिचे शास्त्रीय वर्णन छापावे लागते. ब्रिटिश कीटक-अभ्यासक फ्रेझर यांचे भारतीय चतुरांवरचे तीन खंड १९३३ ते १९३६ दरम्यानचे. अभ्यासकांना आजही ते उघडावे लागतात, आणि सह्याद्रीत नव्या जाती अजून सापडतच आहेत.

‘आययूसीएन’ या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२१ मध्ये चतुर आणि टाचण्यांच्या (चतुरांच्या सडपातळ भाईबंदांच्या) ६,०१६ जातींचा आढावा जाहीर केला. १६ टक्के धोक्यात निघाल्या. हा हिशेब नाव असलेल्यांचा. बिननावाच्यांची गत रेशनकार्डावर नाव नसलेल्या माणसासारखी.

म्हणून नावाची वाट न पाहता जागाच राखा. नांदूरमध्यमेश्वर धरणाच्या पाणथळीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, आनंदच आहे. पण सावलीतल्या वाहत्या ओहोळात वाढणारा चतुर धरणाच्या साचलेल्या पाण्यात जगत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक संस्थांनी समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे आपल्या भागातल्या जीवसृष्टीची नोंद, करायची असते. शहराच्या नोंदवहीत नासर्डी आणि वालदेवी नद्यांचे गवताळ काठ, त्र्यंबकच्या नोंदवहीत ब्रह्मगिरीचे ओहोळ ठिकाणवार लिहा आणि काँक्रीट ओतण्याआधी ती वही उघडून पाहा.

आनंदवलीच्या त्या पट्ट्यात पुन्हा कोंब फुटलेत. तिथे फरशी बसवायची ठरली असेल तर संबंधित अभियंत्यांनी आधी एकदा पहाटे यावे. भिंग मी आणतो.

– एक निवृत्त शिक्षक, नाशिक